वरच्या फांदीची जास्वंदं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोला तर नाहीच. तिला कळलं, तर आमच्या देव्हाऱ्यातला गणपतीसुद्धा माझ्याकडे पाठ फिरवेल. मी फुलं चोरायचो.

हसलात? हसा. नाशिक रोडला आमच्या कॉलनीत पहाटे फिरायला निघणाऱ्या प्रत्येक पेन्शनराच्या खिशात एक पिशवी असतेच. माझा डोळा होता तळमजल्यावरच्या सुमनकाकूंच्या जास्वंदीवर. काकू एकट्या राहतात. झाड त्यांच्या खिडकीला खेटून. डोक्याला माकडटोपी, हातात आकडीची काठी, पोट कंपाउंडच्या भिंतीवर — असा मी गल्लीतून लोंबकळायचो. देवासाठी तोडलेलं फूल चोरीत धरत नाहीत, अशी स्वतःची समजूत घालून.

मला एक साथीदारही होता. गेटशेजारच्या बंद दुकानाच्या ओट्यावर झोपणारा म्हातारा — मनमाडकडचा, घरदार काही नाही, अंगावर एक जुनी माकडटोपी आणि टेकायला काठी, सगळे त्याला बाबा म्हणायचे. एकदा माझी धडपड बघून तो उठून आला आणि फांदी वाकवून धरली. "तोडा साहेब. देवाला काय कळतंय, झाड कुणाचं हाय." तेव्हापासून आमची जोडीच जमली. मी त्याला चहा पाजायचो, तो माझ्या पोटाची टिंगल करायचा.

मग एका पहाटे काकूंना खिडकीत सावली दिसली. टोपी, काठी. बिचाऱ्या इतक्या घाबरल्या, की लेकीला फोन करून रडल्या. झोपताना दाराला खुर्ची लावू लागल्या. त्यांची भीती खोटी होती का? छे. एकट्या बाईनं खिडकीशी काठी बघितल्यावर काय आरती ओवाळायची होती?

सोसायटीची मीटिंग भरली. टोपी कोण घालतो, काठी कोण बाळगतो — सगळ्यांनी गेटकडे पाहिलं. माझी टोपी तेव्हा माझ्याच खिशात होती. एक वाक्य पुरलं असतं — काकू, तो मीच. काकू झोपल्या असत्या, बाबा राहिला असता, माझी तेवढी फजिती झाली असती. आणि स्वतःच्या फजित्या तर मी जन्मभर चवीनं सांगत आलोय. त्या दिवशी मात्र — काय म्हणालो, सांगू? म्हणालो, "माणुसकी ठीक आहे हो, पण सुरक्षिततेचंही बघायला हवं." लोकांनी माना डोलावल्या. एरवी माझं कुणी ऐकत नाही.

दुसऱ्या दिवशी वॉचमननं ओटा रिकामा करायला लावला. सावली कुणाची, हे बाबाला कळलं नसेल? फांदी त्यानंच तर धरली होती. पण तो भांडला नाही, माझं नाव घेतलं नाही. पथारी गुंडाळता गुंडाळता मला एवढंच म्हणाला, "आता वरची फांदी कशी गावायची तुम्हाला साहेब? पोट लय पुढं आलंय."

थंडीचे दिवस होते. कुठं चाललास, हेही मी विचारलं नाही.

मग भीतीनं मी फुलं तोडणं बंद केलं. सावली दिसेनाशी झाली — म्हणजे तोच होता, अशी सगळ्यांची खात्री पटली. काकूंचीसुद्धा.

काकू आता शांत झोपतात. मीटिंगमध्ये मी त्यांची बाजू घेतली म्हणून सकाळी स्वतः वाटीभर जास्वंदं आणून देतात. मी ती घेतो. गणपतीला वाहतो. वरच्या फांदीवरची तशीच राहतात. काकूंचाही हात पोचत नाही.