घुबडताईचा गॉगल

तुम्हाला सरळ विचारते. एका अंगाला दरी, पायाखाली सुटे दगड, आणि डोळ्यांवर ओला पांढरा फडका. अशी मोटारसायकल चालवाल का तुम्ही? मान हलवू नका, उत्तर द्या. आमची सुईण चालवत होती. फडका कुणी बांधला नव्हता. तिच्याच श्वासाचा होता तो.

वरच्या वस्त्यांवर तिला घुबडताई म्हणतात. जाड भिंगांचा चष्मा, त्यावर गॉगल, त्यावर हेल्मेट. नाव पोरांनी पाडलं, आता कळा देणाऱ्या बायकासुद्धा त्याच नावानं हाका मारतात. ती चिडत नाही. म्हणते, "घुबडाला अंधारात तरी दिसतं गं. माझे भर दिवसा वांधे."

डांबरी रस्ता दगडाच्या खाणीपाशी संपतो. पुढे खाचखळगे, खडी, चिखल. तिथं जीप जात नाही, जाते ती तिची उंच, बारीक अंगाची, खडबडीत टायरची गाडी. मागच्या पेटीत बाळंतपणाचं सामान. चढ असा की गाडी पहिल्या गिअरमध्ये कण्हत चढते आणि चालवणारी तिच्याहून जास्त धापा टाकते.

त्या दिवशी ढग खाली उतरले होते. अवघड वळणाच्या आधी गॉगल आतून धूसर झाला. तिला वाटलं, पुढे वारा लागेल, निवळेल. निवळला नाही. गाडी दगडाला अडून बंद पडली. तिनं डावा पाय टेकवायला खाली नेला.

पायाखाली जमीन नव्हती.

अंगातलं सगळं बळ एकवटून तिनं उजवीकडे झोक दिला. गाडी तिच्या पायावर आडवी झाली. तशीच पडून ती ऐकत राहिली. टायरनं उडवलेला एक दगड खाली गेला होता. तो पोचल्याचा आवाज काही आला नाही.

घरी तिनं अवाक्षर काढलं नाही. पण सासू कसली वस्ताद!

"पाय का ओढतेस गं?"

"मुरगळला."

"वाटेनं मुरगळला की गाडीनं?"

"आई, तुम्ही पोलिसात असायला हवं होतं."

हसण्यावारी नेलं, पण दुसऱ्या दिवसापासून ती अंगणात गाडी सुरू करून नुसती बसायला लागली. गिअर टाकायला पाय उचलायचाच नाही. आतून सासू ओरडायची, "निघतेस की गाडीला ऊब देतेस?" मग निघायची, आणि खालच्याच वस्त्या करून परत यायची. मी तिची शेजारीण; एकदा माझ्यापाशी म्हणाली, "डोळे मिटले की तो पाय खाली जातो. अजून जातोच आहे."

आणि सगळ्यात वरच्या वस्तीवर सुताराची बायको पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. वर जाणारी दुसरी कुणी नाही.

मी आरोग्य केंद्रात गेले. साहेब म्हणाले, "गॉगल दिलाय की तिला."

"दिलाय ना. आता तो घाला, धापा टाकेपर्यंत जिना चढा, आणि सही करून दाखवा. कागदावर आली तर मी गप्प बसते."

साहेबांनी गॉगल घातला नाही. नव्या गॉगलला मंजुरी दिली.

आम्ही दोघी गॉगलच्या दुकानात गेलो. दुकानदारानं आधी आरशासारखा चमकणारा निळा गॉगल पुढे केला. "ताई, हा घाला. हिरोईन दिसाल."

"मला दिसायचं नाही, बघायचंय," ती म्हणाली.

"कुठं चालवता?"

"रस्ता संपतो तिथून पुढे."

माणूस एकदम सरळ झाला. आतून पेटी काढली. एका काचेचा नकोच, म्हणाला. बाहेर थंड, आत तुमची वाफ, पाणी धरणारच. दोन काचा आणि मध्ये हवा कोंडलेला घ्या. वरखाली फटी हव्यात, फटींवर स्पंज. वारा आत येतो, धूळ बाहेर राहते. चष्म्याच्या दांड्यांना कडेला खाच. काच बिनरंगाची, ढगात रंगीत काच म्हणजे संध्याकाळ ओढवून घेणं. "आणि आतून ओढणीनं पुसायचा नाही. आत लेप असतो. ओला असताना घासलात की गेला."

पण नुसतं ऐकून विकत घेणाऱ्या आम्ही नव्हतो. हेल्मेट, रुमाल, गॉगल सगळं चढवून तिनं दुकानाचा जिना वरखाली केला. घामाघूम झाली. गॉगल धूसर! मी तोंड उघडणार, तेवढ्यात दुकानदारानं तिच्या नाकावरचा रुमाल खाली ओढला. धुळीसाठी घट्ट बांधलेला तो रुमाल श्वास सगळा वर ढकलत होता. पुन्हा जिना. आता गॉगल स्वच्छ, पण आतला चष्मा धूसर. त्याला चोळायला एक द्रव दिला. पुन्हा जिना. दुकानदार म्हणाला, "ताई, खाली पाटी लावतो, जिना चाचणीसाठी राखीव."

शेवटच्या खेपेला ती दारात उभी राहून रस्त्याकडे बघत राहिली. माझं मनगट तिनं इतकं आवळलं होतं की बोटं उमटली.

"दिसतंय," म्हणाली. "पण इथं दरी नाही."

दोनच दिवसांत सुतार धावत खाली आला. कळा सुरू झाल्या होत्या, आणि डोंगर ढगात बुडाला होता. तिनं गाडीला किल्ली लावली. मी न विचारता मागे बसले.

खाण मागे पडली. रुमाल सैल होता, चष्म्याला द्रव लावला होता. तरी थोड्या वेळानं ती म्हणाली, "अगं, पुन्हा."

"काय पुन्हा?"

"कोपऱ्यातून पांढरं येतंय."

 या वेळी तिनं वळणाची वाट पाहिली नाही. डोंगराच्या अंगाला घेऊन, उजवा पाय चाचपून टेकवून गाडी थांबवली. मी दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. तिनं गॉगल काढला आणि वरच्या कडेवरून बोट फिरवलं. जिथं खरखरीत स्पंज लागायचा, तिथं बोट घसरलं. पारदर्शक चिकटपट्टी. वर, खाली, नीट कापून, एकही सुरकुती न पडू देता चिकटवलेली.

इतक्या निगुतीनं काम तिच्या घरात एकच माणूस करतो. दीर. सपाट माळावर मोटारसायकलच्या शर्यती खेळतो. तिथं वेग असतो, धुळीचे लोट असतात, म्हणून तिथली मंडळी फटी बुजवतात. आदल्या संध्याकाळी त्यानंच तिची गाडी धुऊन ठेवली होती.

"जुन्यालाही लावली असणार," ती हळूच म्हणाली.

"घरी चल, कानाखाली जाळ काढते त्याच्या!"

"गप. माझ्या डोळ्यांत धूळ जाऊ नये म्हणून लावली त्यानं."

नखांनी पट्टी सोलली. मग थांबणं आलं, कारण पुसायचं नाही, आपोआप सुकू द्यायचं. सुतार पायी पुढे गेला होता. वर बाई कळा देतेय, भोवती ढग, आणि आम्ही दोघी एका काचेकडे टक लावून बसलोय.

काच निवळली. वळण आलं. तिनं डावीकडे पाहिलं आणि मला तिची पाठ ताठरलेली जाणवली. तुटलेली कड, लोंबणारा गवताचा झुपका, खाली काहीच नाही. पाय कुठं गेला होता ते तिला पहिल्यांदाच दिसलं.

"दिसतंय गं," ती म्हणाली. दिसणं न दिसण्याहून वाईट होतं, हे तिच्या आवाजातच कळलं. पण गाडी सरळ गेली.

दिवस मावळायच्या आत सुताराला मुलगी झाली. आई-मूल सुखरूप.

परतलो तेव्हा दीर अंगणात होता. तिनं चुरगळलेली पट्टी त्याच्या हातावर ठेवली.

"भाऊजी, हे काय?"

"धूळ जाते ना, वहिनी. आम्ही सगळे लावतो."

तेव्हा तिनं दरीवर गेलेल्या त्या पायाचं सांगितलं, घरात पहिल्यांदा. तो हातातल्या पट्टीकडे बघत ओट्यावर बसला. दारातून सासूनं ऐकलं. ती येऊन सुनेच्या शेजारी उभी राहिली.

"एकदा विचारायचं होतं, भाऊजी," एवढंच ती म्हणाली.

आजही त्या वळणावर तिची पाठ ताठरते. भीती गेलेली नाही. पण निघण्याआधी ती गॉगलच्या कडेवरून बोट फिरवते, आणि शेजारी उभा राहून दीर बघतो.

तुमच्या घरातून कुणी अशा वाटेनं जात असेल, तर उठा, त्याचा गॉगल हातात घ्या आणि फटींवरून बोट फिरवा. बोट घसरलं तर ती पट्टी कुणी लावली ते आधी विचारा. आणि तुम्हीच लावली असेल, तर त्याला आजच सांगा.