झिजलेल्या बाह्या

पॉइंट कुकहून आम्ही रविवारी जेट्टीवर मासे घ्यायला जातो. तिथे एक गोरी आजी घडीच्या खुर्चीत बसून मच्छीमारांसाठी लोकरीचे स्वेटर विणत असते. नाव मी कधी विचारलं नाही. विणताना ती सुयांकडे बघत नाही, पाण्याकडे बघते.

एकदा मी एक स्वेटर घालून बघितला आणि सवयीने खोट काढली, "बाह्या आखूड आहेत."

"आखूडच हव्यात, मेट. लांब बाही भिजली की मनगट सोलून निघतं."

हे काम कुठे शिकलात, विचारलं तर म्हणाली, "शिकले कुठे! नवरा बोटीवर होता. जाळी ओढून त्याच्या बाह्या टोकाला झिजायच्या. मी तेवढंच टोक उसवून पुन्हा विणायचे. ते बघून बाकीचेही आपापले स्वेटर आणून टाकायला लागले. मग मी अख्खेच विणायला लागले. आता तो नाही, काम आहे."

अजूनही ती बाही खांद्याकडून खाली विणते, म्हणजे टोक सहज उसवता येतं.

तिच्या स्वतःच्या अंगात मात्र एक ढगळ, जुना निळा स्वेटर असतो. त्याच्या बाह्यांचे धागे लोंबत असतात. मला राहवलं नाही.

"सगळ्यांच्या नीट करता, मग ह्याच का राहिल्या?"

तिने लोंबणारा धागा बोटाने हळूच आत सारला.

"ह्या त्याच्या हातांनी झिजल्यात. त्या कशा उसवू?"