आईनं सोडलेलं गाणं

आमच्या घरात प्रत्येकानं देवासाठी काही ना काही सोडलेलं होतं. आजोबांनी काशीला जाऊन पेरू सोडला, आत्यानं दुधी भोपळा सोडला आणि थोरल्या काकांनी कारलं. माझे वडील, ज्यांना मी अण्णा म्हणायची, त्यांचा या सगळ्यावर एक ठरलेला शेरा होता. "ज्याला जे घशाखाली उतरत नाही ते देवाच्या माथी. तो बिचारा वर कारली मोजत बसलाय." आई पदर तोंडाला लावून हसायची. तिनं तोवर काहीच सोडलं नव्हतं. तिला सगळंच आवडायचं, गाणं सगळ्यात जास्त.

आम्ही निजामाच्या जुन्या राजधानीत, मलकपेठला राहायचो. अण्णा सरकारी कचेरीत होते. त्यांचे वडीलही निजामाच्या अमदानीत सरकारी नोकरीतच होते, त्यामुळे घरात शिस्त मुबलक आणि हसू बेताचं. आई परभणीची. लग्न होऊन आली ती हार्मोनियम घेऊन, आम्ही तिला पेटीच म्हणायचो. लोक तिच्या आवाजाला गोड म्हणायचे, ते उगाच. तो गोड नव्हता. जाड, भरदार आणि खालच्या सुरात उतरताना जरासा खरखरणारा होता. पण तिनं एक सूर लावला की शेजारच्या बाई कुकर बंद करून दारात येऊन उभ्या राहायच्या.

संध्याकाळी आजूबाजूच्या मराठी घरांतल्या पाचसहा मुली तिच्याकडे शिकायला यायच्या. निम्म्या जणींना मराठी धड वाचता येत नसे. त्या अभंग तेलुगू लिपीत लिहून घ्यायच्या. अण्णांना ते खपायचं नाही, पण आई म्हणायची, "लिही गं कशातही, म्हणताना नीट म्हण म्हणजे झालं." माझी शिकवणी मात्र सकाळची. उजाडता उजाडता आम्ही दोघी पेटीपाशी बसायचो, ती एक ओळ म्हणायची, मी तीच म्हणायची. माझं बालपण म्हणजे तेच. दुसरं काही फारसं आठवतही नाही.

दहावीला मला बरे मार्क पडले आणि घरात डॉक्टरीचं खूळ शिरलं. ते दिवसच तसे होते. गच्च्यांवर डिशच्या छत्र्या उगवत होत्या, कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे बूथ निघत होते, आणि कुठलंसं मोठं दार उघडलंय, ते मिटायच्या आत आपलं पोर आत ढकललं पाहिजे, असं ज्याला त्याला वाटत होतं. आमच्यासारख्या नोकरदार घरांना त्या दारावर दोनच पाट्या दिसायच्या, डॉक्टर आणि इंजिनियर. म्हणून अकरावी-बारावीसाठी, ज्याला आमच्याकडे इंटर म्हणतात, अण्णांनी मला एका नव्या खासगी कॉलेजात घातलं.

कॉलेज कसलं, फर्निचरच्या दुकानावरचे तीन मजले होते ते. मैदान नाही, झाड नाही, खिडक्यांना जाळ्या. सकाळी सहाला हजेरी, संध्याकाळी अंधार पडायच्या सुमाराला सुटका. दर रविवारी परीक्षा, सोमवारी फळ्यावर नंबर, आणि नंबर घसरला की खालच्या तुकडीत रवानगी. वेळापत्रकात शनिवारी एक तास 'खेळ व कला' असा छापलेला होता. त्या तासाला भौतिकशास्त्राचे सर यायचे आणि फळा पुसत म्हणायचे, "चलो, खेलेंगे!" पहिल्यांदा आम्ही हसलो. नंतर कुणी हसेना.

सकाळची शिकवणी गेली. आईनं ती संध्याकाळी, इतर मुली गेल्यावर लावली. मी दप्तर टाकायची, दोन घास खायची आणि पेटीपाशी बसायची. डोळे मिटत असायचे पण गळा उघडायचा. तो एक तास होता म्हणून मी ते कॉलेज सहन करत होते, हे मला आज कळतंय असं नाही, तेव्हाही कळत होतं. अण्णांना फक्त घड्याळ दिसायचं. "एक ना धड, भाराभर चिंध्या," ते पेपर वाचता वाचता म्हणायचे. आई तिकडे लक्ष द्यायची नाही.

पहिल्या वर्षाच्या दिवाळीनंतर माझा नंबर घसरला आणि मला खालच्या तुकडीत बसवलं. भौतिकशास्त्राच्या सरांनी आईवडलांना बोलावलं. अण्णांना रजा नव्हती, म्हणून आई आली. इस्त्रीची साडी नेसून, घाबरून. सर तेलुगू होते, पण आमच्यासारख्यांशी शहरातली हिंदी बोलायचे. माणूस वाईट नव्हता.

"अम्मा, बच्ची का दिमाग अच्छा है," ते म्हणाले. "लेकिन गाना भी होना, सीट भी होना, ऐसा नहीं होता. कुछ तो छोडनाच पडता."

"छोडनाच पडता?" आईनं विचारलं.

"पडताच."

आम्ही बसनं घरी निघालो. मी मनातल्या मनात गाण्याला रामराम ठोकला होता. रडूही आलं, ते खिडकीकडे तोंड करून उरकलं. घरी आल्यावर तिनं हातपाय धुतले, देवापुढे दिवा लावला आणि हात जोडून उभी राहिली. आमची कुलदेवी तुळजापूरची. तिच्या टाकापुढे आई मोठ्यानं, स्वच्छ बोलली, "आई, माझ्या मुलीला डॉक्टरीला लागू दे. ती लागेपर्यंत मी गाणार नाही."

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काहीतरी सोडावंच लागतं म्हणाले ना तुझे सर? मी सोडलं. तू सोडू नकोस. तू दोन्ही कर."

अण्णा कचेरीतून आले तेव्हा त्यांना हे कळलं. ते काहीतरी थट्टा करतील म्हणून मी वाट बघत राहिले. ते बूट न काढताच खुर्चीत बसले. एवढंच म्हणाले, "कारलं सोडायचं होतंस."

आता हे ऐकणाऱ्याला वाटतं, केवढी ही आई! मलाही लोक तेच सांगतात आणि माझं डोकं फिरतं. मी मागितलं नव्हतं हे. जे मागितलं नाही ते कुणी आपल्यासाठी दिलं की ते परतही करता येत नाही आणि वापरताही येत नाही. मला तेव्हा सोळावं संपत होतं. एवढं मोठं देणं कुठे ठेवायचं हे मला कळेना.

आई मला शिकवत राहिली, पण न गाता. पेटीवर सूर वाजवायची, मी म्हणायची, चुकलं की मान हलवायची, पुन्हा वाजवायची. पेटीतून सूर येतो, पण सुरापर्यंत जायची वाट येत नाही. ती माणसाच्या गळ्यातूनच कळते. एखादी जागा मला जमायची नाही तेव्हा आईचा गळा आतल्या आत हलताना दिसायचा, ओठ घट्ट मिटलेले. मग मी जाणूनबुजून सोप्या गोष्टी म्हणायला लागले, तिला त्रास नको म्हणून. संध्याकाळच्या मुलीही हळूहळू गळाल्या. न गाणारी गाण्याची बाई कुणाला हवी? एकीच्या आईनं तर तोंडावर विचारलं, "घशाला काही झालंय का हो?" आई "हौ" म्हणाली आणि विषय संपवला.

आईनं स्वयंपाक करताना गुणगुणणंही बंद केलं होतं. भाजी फोडणीला पडल्याचा आवाज यायचा आणि त्यामागून काहीच यायचं नाही. त्या घरात मी एकटीनं तोंड उघडून गायचं, हे मला जमेना. संक्रांतीच्या आसपास मी म्हणाले, अभ्यास फार आहे, परीक्षा झाली की बसू. आई म्हणाली, "बरं. पण गळा मोडू देऊ नकोस. कॉलेजात मधल्या सुट्टीत म्हणत जा." मी हो म्हणाले. त्या जाळीच्या खिडक्यांमध्ये कोण गाणार होतं! पण तिला वाटत राहिलं की मी गाते, तिकडे, तिच्या कानाआड. पुढेही तिनं विचारलं की मी होच म्हणत राहिले.

मी अभ्यास केला. कुणी म्हणू नये की केला नाही. झोपेत रसायनशास्त्राची सूत्रं म्हणायची, असं अण्णा सांगायचे. पण एमसेट या प्रवेशपरीक्षेत माझा नंबर डॉक्टरीपर्यंत पोचला नाही. पुढचं सगळं वर्ष पुन्हा त्याच परीक्षेसाठी क्लास लावला. त्याला आमच्याकडे लाँग टर्म म्हणतात, आणि जन्मठेपेलाही तेच नाव शोभलं असतं. दुसऱ्यांदाही थोडक्यात हुकलं. निकाल लागला त्या दिवशी आईनं शिरा केला, कारण माणूस घरी रडत असताना काहीतरी गोड असावं असं तिचं म्हणणं.

मग मी बीएस्सी केलं, अमीरपेठला जाऊन संगणकाचे कोर्स केले, आणि नोकरी लागली. तोवर जमानाच पालटला होता. ज्यांची मुलं डॉक्टर होऊन सरकारी दवाखान्यात घासत होती ते आमच्याकडे येऊन विचारायला लागले, संगणकाचं कसं काय असतं? माझा पगार अण्णांच्या पुढे गेला. नातेवाईक म्हणाले, बरं झालं डॉक्टरी हुकली. देवीच पावली म्हणा!

अण्णांनी तेच धरलं. "पावली देवी. आता पुरे. गा."

"मी डॉक्टरी म्हटलं होतं," आई म्हणाली.

"अगं, पण चांगलंच झालं ना तिचं?"

"झालं. पण मी ते म्हटलं नव्हतं."

पूजा सांगणाऱ्या आमच्या गुरुजींनाही विचारून झालं. ते म्हणाले, तुळजापूरला जा, देवीची ओटी भरा, सवाष्णी जेवू घाला, क्षमा मागा आणि मोकळ्या व्हा. शास्त्रात सगळ्याला वाट असते. आईनं ओटी भरली, सवाष्णी जेवल्या, क्षमा मात्र मागितली नाही. "तिनं दिलं नाही म्हणून मी माझा शब्द फिरवायचा? मग तो शब्द कसला, बाजारातली घासाघीस झाली." त्या दिवशी मी देवळाच्या पायऱ्यांवर तिच्याशी कडाकडा भांडले. तू देवीला फसवायचं नाही आणि देवीनं तुला फसवलं तर ते चालतं? ती म्हणाली, "हळू बोल. लोक बघतात."

माझ्या लग्नात मंगलाष्टकं म्हणायला साऱ्याजणी तिच्याकडे बघत होत्या. पण मुलीच्या आईनं त्या वेळी तुळशीपाशी बसायचं, अशी आमच्यात रूढी आहे. त्या रूढीनं आईची सुटका केली. अंतरपाटाच्या अलीकडे मी उभी, कानावर भलत्याच कुणाचे तरी सूर पडत होते आणि मला रडू फुटलं. सासरच्यांना वाटलं, माहेर सुटतंय म्हणून रडते.

अण्णा गेल्यावर आई माझ्याकडे राहायला आली. आमच्या इमारतीत सगळ्या मुलखांची माणसं आहेत. गेल्या गणपतीत खाली मांडवात बायकांची भजनं चालली होती. माइक हातोहात फिरत होता. शेजारची एक तरुण मुलगी, नुकतीच राहायला आलेली, आईपाशी वाकून म्हणाली, "आंटी, अब आप."

आई हसली. "मेरे कू गाना नहीं आता बेटा," ती म्हणाली. इतक्या सहज म्हणाली की क्षणभर मलाही ते खरं वाटलं. मग माझ्या दंडाला धरून तिनं मला पुढे केलं. "इसकू आता. बचपन से गाती. कॉलेज का इतना पढाई था, फिर भी नहीं छोडी."

तिच्या चेहऱ्यावर अभिमान होता. इतकी वर्षं ती त्यावर जगली होती, की निदान एक गोष्ट वाचली. मी माइक घेतला. नाही कसं म्हणणार? एक अभंग सुरू केला, तिनंच शिकवलेला. शब्द आठवत होते, सूर हाताला लागत नव्हता, आणि जो आवाज निघाला तो मलाच ओळखू येईना. बायका आपल्या टाळ्या देत होत्या, त्यांना त्याचं काय.

मी आईकडे पाहिलं. तिला कळलं होतं. पहिल्या ओळीलाच कळलं असणार. ती मान खाली घालून बसली होती आणि तिचे ओठ माझ्याबरोबर हलत होते, आवाज न करता. मी अंतऱ्यात चुकले, पुढे पुन्हा चुकले, मग मध्येच थांबले. तिचे ओठ थांबले नाहीत. तिनं तो अभंग शेवटपर्यंत म्हटला.