पाठकोऱ्या कागदाची दुसरी बाजू

आजाराच्या नवव्या दिवशी सकाळी दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी माझ्या तापाची नोंद मागितली. सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, उशीखालून अकरा कागदांचा गठ्ठा काढून दिला. दर चार तासांनी घेतलेला ताप मी त्यावर लिहीत होतो. दोन दिवसांपासून ती लिहीत होती. डॉक्टरांनी वरचा कागद पाहिला, मग तो उलटला आणि ताप सोडून मागचंच वाचत उभे राहिले.

"हे कोणी लिहिलं?"

"पोरीनं," सुनंदा म्हणाली. "अकोल्याले मेडिकलले हाय. तो कागद रद्द हाय साहेब. पाठकोरा म्हणून घेतला."

डॉक्टरांनी नर्सला पडदा ओढायला सांगितला. माझ्या पायजम्याची नाडी सैल केली आणि कमरेचा करदोडा बोटानं वर सरकवला. उजव्या बाजूला, बरोबर दोऱ्याखाली, वाटाण्याएवढी काळी खपली होती. भोवती लाल कडा.

"स्क्रब टायफस," ते म्हणाले. "पाच दिवस आम्ही रक्त तपासतोय आणि हे इथं होतं."

स्क्रब टायफस म्हणजे गवतात आणि झुडपांत राहणाऱ्या एका बारीक किड्याच्या पिल्लाच्या चाव्यातून होणारा ताप. किडा डोळ्यांना जवळपास दिसत नाही. चावा दुखत नाही. चाव्याच्या जागी पुष्कळदा काळी खपली धरते, तिला डॉक्टर एशार म्हणतात. विडीचा चटका बसल्यासारखी दिसते आणि नेमकी काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली अशा झाकल्या जागी असते. औषध डॉक्सिसायक्लिन. साधी कॅप्सूल आहे, जुनी आहे, कुठंही मिळते. वेळेवर दिली तर दोन दिवसांत ताप उतरतो. उशीर झाला तर मूत्रपिंड, फुप्फुसं, मेंदू यांपैकी काहीही धरतं.

माझं मूत्रपिंड धरलं होतं.

मी जमीन मोजतो. सरकारी भूकरमापक आहे, नोकरीची सत्तावीस वर्षं झाली. धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, कमरेएवढ्या गवतातून चालणं हेच माझं काम. ताप येण्याच्या अकरा दिवस आधी वलगावच्या शिवारात दोन भावांच्या हिश्शाची मोजणी होती. पावसाळ्यानंतरचं गवत होतं आणि मी तीन तास त्यात होतो. तारीख मोजणीच्या वहीत आहे, म्हणून अकरा हा आकडा खात्रीनं लिहितो.

पहिले तीन दिवस अमरावतीतल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी व्हायरल म्हणून गोळ्या दिल्या. ताप एकशे दोन, एकशे तीन. डोकं असं दुखायचं की उजेड नको व्हायचा. चौथ्या दिवशी रक्त तपासलं. मलेरिया नाही, डेंग्यू नाही, प्लेटलेट ब्याऐंशी हजार. प्लेटलेट म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, त्या निदान दीड लाख हव्यात. त्याच दुपारी दवाखान्यात भरती झालो.

भरती करताना तरुण डॉक्टरांनी विचारलं, "अंगावर पुरळ, चट्टे काही?"

मी म्हणालो, "नाही."

हे उत्तर बरोबर होतं. पुरळ नव्हतं, चट्टे नव्हते. खपली होती, पण खपलीचं कोणी विचारलं नव्हतं. ती मी चार दिवसांपूर्वी आंघोळ करताना पाहिली होती. करदोडा घासला असेल म्हणून वरून खोबरेल तेल लावलं होतं. दुखत नव्हती, मग आजारात ती कशाला सांगायची? जेवढं विचारलं तेवढ्याचंच नेमकं उत्तर द्यायचं, ही सवय मला कोर्टात मोजणीची साक्ष देताना लागली आहे. ती मी अभिमानानं बाळगत आलो.

माझ्या शेजारच्या खाटेवर अचलपूरचे रफिकभाई होते. संत्र्याचा व्यापार, वय माझ्याच आसपास, तापही माझ्यासारखाच. मी थर्मामीटर काखेत धरून घड्याळ पाहायचो तेव्हा ते म्हणायचे, "मोजणीवाले साहेब, बुखार की भी सातबारा निकालोगे क्या?" एकदा मी त्यांचाही ताप घेऊन लिहिला. एकशे तीन पॉइंट दोन. तर सुनंदाला म्हणाले, "देखो, इनसे एक पॉइंट ज्यादा आया. आपन जिंकलो." सुनंदाही हसली. भरती झाल्यापासून ती पहिल्यांदाच हसली होती.

सातव्या दिवशी त्यांना धाप लागली आणि त्यांच्या मुलानं त्यांना नागपूरला हलवलं. जाताना स्ट्रेचरवरून त्यांनी मला दोन बोटं दाखवली. जिंकल्याची खूण होती.

त्याच दिवशी माझी लघवी कमी झाली. क्रिएटिनिन तीन पॉइंट चार. क्रिएटिनिन हा मूत्रपिंडानं गाळून टाकायचा कचरा. तो रक्तात वाढला की गाळणी बिघडली असं समजायचं. एक पॉइंट दोनपर्यंत चालतो. शिरेतून भारी इंजेक्शनं चालू होती. या जंतूवर त्यांचा उपयोग होत नाही, हे नंतर कळलं.

एवढे दिवस आम्ही प्राचीला, आमच्या एकुलत्या एक मुलीला, काही सांगितलं नव्हतं. ती अकोल्याला वसतिगृहात राहते, तिसऱ्या वर्षाला आहे. तिची परीक्षा चालू होती. "तिले सांगू नको," मी सुनंदाला बजावलं होतं. "तापच त हाय." अमरावती ते अकोला दोन-अडीच तासांचा रस्ता. ती आली असती तर पहिल्याच तासात करदोडा सरकवला असता. हे मी अंदाजानं म्हणत नाही. त्या पाठकोऱ्या कागदांवर काय छापलं होतं ते आता सांगतो.

वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी दोन महिन्यांच्या छोट्या संशोधनाची एक योजना असते. विद्यार्थ्यानं विषय निवडायचा, एका प्राध्यापकानं मार्गदर्शक व्हायचं, महाविद्यालयाच्या नैतिकता समितीची परवानगी घ्यायची आणि अर्ज करायचा. शेवटच्या वर्षाच्या मुलांना त्यात घेत नाहीत. प्राचीनं विषय घेतला होता आपल्या भागातल्या निदान न होणाऱ्या तापाचा. मार्गदर्शक व्हायला तिच्या मॅडम तयार होत्या. प्रश्नावली तिनं स्वतः तयार केली, साठ प्रती छापल्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत दाखवायला घरी आणल्या.

मी तिच्यासाठी आधीच एक तक्ता करून ठेवला होता. एमबीबीएसनंतरच्या चौदा शाखा. रकाने असे: किती वर्षं, किती जागा, रात्रपाळ्या, प्रवेश परीक्षेत कितवा क्रमांक लागतो, मान. पहिल्या क्रमांकावर रेडिओलॉजी, म्हणजे एक्स-रे, सोनोग्राफी वाचणारी शाखा. दुसऱ्यावर त्वचारोग. तिच्या मॅडमची शाखा, गावागावांतल्या आजारांचा अभ्यास करणारी, तेराव्या क्रमांकावर. जंतूंचा अभ्यास चौदाव्या. संशोधन असा रकानाच नव्हता.

"बाबा, आपल्या इकडचा निम्मा ताप कोनता हाय हे कोनालेच माईत नाई," ती म्हणाली. "व्हायरल म्हणतात नाई त नागपूरले पाठोतात. कोनीतरी मोजलं पाह्यजे न."

"मोजायची हौस मला सांगू नको. दोन महिने मोजून प्रवेश परीक्षेत एक तरी मार्क भेटते का?"

"नाई."

"मंग?"

तिनं प्रश्नावली माझ्यापुढं सरकवली. मी प्रश्नावली हातात घेतली. सगळे प्रश्न वऱ्हाडीत लिहिले होते. सातवा प्रश्न मी मोठ्यानं वाचला आणि हसलो. 'आंगावर कुठी काळी खपली हाय काय? दुखत नसन तरी सांगजा. करदोडा, पट्टा, नाडी सरकवून पाहाजा.'

"हे डॉक्टरचं लिहिणं आहे का धुऱ्यावरच्या गप्पा?"

"पुरळ म्हटलं त लोकाईले घामोळ्या वाटतात, बाबा. खपली म्हटलं त कयते."

आठ दिवस मी तिला तोच तक्ता दाखवत होतो. नवव्या दिवशी तिनं मॅडमना फोन करून नाही म्हणून सांगितलं. फोन अंगणात जाऊन केला. परत आली तेव्हा मी तिला शाबास म्हणालो.

साठही प्रती घरातच राहिल्या. एका बाजूला कोरा असलेला कागद मी फेकत नाही. पण छापलेली बाजू कोणी चुकून खरी धरू नये, म्हणून प्रत्येक प्रतीवर पट्टी ठेवून तिरपी रेघ मारली. दफ्तरात आम्ही तसंच करतो. आजारी पडल्यावर ताप लिहायला त्यातलेच कागद काढले. चौथ्या दिवसापासून ते माझ्या उशीखाली होते. मी ज्याचं उत्तर 'नाही' दिलं तो प्रश्न, नीट विचारलेला, माझ्या डोक्याखाली छापील पडून होता आणि माझीच रेघ त्याच्यावरून गेली होती.

डॉक्सिसायक्लिन नवव्या दिवशीच सुरू झालं. रक्ताच्या खास तपासणीचा अहवाल दुसऱ्या दिवशी आला, त्यानंही तेच सांगितलं. अकराव्या दिवशी ताप अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा. डायलिसिस तीन वेळा करावं लागलं. त्यात यंत्रातून रक्त गाळून परत शरीरात सोडतात, एका वेळेला चार तास. सुनंदा तेवढा वेळ तिथल्या बाकड्यावर बसून असायची. क्रिएटिनिन आता एक पॉइंट सहावर थांबलंय, पुढं उतरत नाही. डाव्या कानानं कमी ऐकू येतं. या आजारात तेही होतं म्हणतात.

निदान झालं त्या दिवशी सुनंदानं रफिकभाईंच्या मुलाला फोन लावला, म्हणजे तिथल्या डॉक्टरांना सांगता येईल. तो म्हणाला, "चाची, अब्बा कल गए." मग म्हणाला, "कमर पे काला दाग था. हम समझे बेल्ट लगा." रफिकभाईंना स्क्रब टायफसच होता असं मी म्हणू शकत नाही. तपासणी झाली नव्हती. त्यांच्या कागदावर 'ताप, कारण अस्पष्ट' लिहिलं होतं, आणि ज्या प्रश्नावलीत त्यांची नोंद झाली असती तिच्यावर मी माझा ताप लिहीत होतो.

प्राची परीक्षा संपवून आली. खाटेजवळ उभी राहून तिनं आधी माझी फाईल वाचली, पहिल्या पानापासून. मग कागद पाहिले.

"किती वापरले, बाबा?"

"अकरा. एकोणपन्नास घरी आहेत."

"लवकर काहून नाई सांगतलं मले?"

"परीक्षा होती."

तिनं कागद परत गठ्ठ्यात ठेवले. माझी औषधं विचारली, आईला घरी झोपायला पाठवलं आणि रात्र माझ्याजवळ काढली. घरी आल्यावर मी म्हणालो, "पुढच्या वर्षी कर तो अर्ज. मी स्वतः मॅडमना भेटतो."

"पुढच्या वर्षी मी शेवटच्या वर्षाले हाय. घेत नाईत. अन् मॅडमची बदली झाली." मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "रेडिओलॉजी करीन. तुमच्या तक्त्यात पहिली हाय ते."

तो तक्ता मी फाडला. फाडल्यावर कळलं की तिच्याकडे त्याचा फोटो आहे आणि ती त्याप्रमाणेच अभ्यास करते. पहाटे पाचला उठते. बहुपर्यायी प्रश्न सोडवते, दिवसाला दोनशे. माझ्यासारखीच चोख आहे.

दोन महिन्यांनी मी कामावर रुजू झालो. त्यानंतर नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मोजणी असली की पिशवीत प्रश्नावलीचे ते उरलेले फॉर्म घेऊन जायचो. ज्यांच्या घरी ताप येऊन गेला त्यांना विचारायचो, रेघ खोडून उत्तरं भरायचो. एकोणपन्नासपैकी एक्केचाळीस भरले. पाच जण खपली होती म्हणाले. मॅडमचा नवा पत्ता काढून त्यांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काका, परवानगी नाही, नमुना नाही, तपासणी नाही. याला संशोधन म्हणता येत नाही. कुठंच वापरता येणार नाही." त्यांचं बरोबर आहे. हद्दीच्या खुणा न पाहता केलेली मोजणी मीही मान्य केली नसती.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाला पावसाळ्यानंतर ताप आला आणि तो चौथ्या दिवशीही हटला नाही, तर डॉक्टरांनी विचारायची वाट पाहू नका. करदोडा सरकवा, पट्टा काढा, काख पाहा. खपली दिसली तर दाखवा. मोठ्या डॉक्टरांचे माझ्यावर उपकार आहेत, त्यांनी कागद उलटला. त्यांच्याआधी पाच जणांनी तो हातात घेतला होता, आणि त्यातला एक मी होतो.

गेल्या महिन्यात प्राची दोन दिवसांसाठी आली होती. भरलेले एक्केचाळीस फॉर्म मी तिच्या टेबलावर ठेवले. तिनं सगळे वाचले, एकही सोडला नाही. मग म्हणाली, "सातवा प्रश्न तुमी चुकीचा विचारता, बाबा. आधी खपली विचारता, मंग दुखत नसन तरी सांगजा म्हणता. तोवर मानूस नाई म्हणून मोकळा होते. 'दुखत नसन तरी' हे आधी म्हणा लागते."

"पण तू तर तसंच लिहिलं होतं. आधी खपली."

"चुकलंच होतं ते. पह्यल्या दहा लोकाईले विचारलं असतं त कयलं असतं."

गठ्ठा नीट लावून तिनं माझ्याकडे परत दिला आणि तिचं बहुपर्यायी प्रश्नांचं पुस्तक उघडलं.

उरलेल्या आठ फॉर्मांवर मी तो बदल करून घेतला आहे. आता धुऱ्यावर तसंच विचारतो.