एमआरआयच्या दारातली झोप

आमच्या एमआरआय विभागात दोघं मोकळे सापडले की चहाच्या आधी किस्सा येतो! जळगावातलं हॉस्पिटल. पेशंट मशीनमध्ये हलला की फोटो बिघडतो, म्हणून लहान मुलांना आणि घाबरटांना थोडी भूल द्यावी लागते. त्याची जुळवाजुळव सिस्टर म्हणून माझ्याकडे. भूल देणार आमच्या पाटील मॅडम. त्यांचं ठरलेलं वाक्य, "माझ्यासमोर कोणी जागं राहत नाही!"

*

भुलीआधी पोट रिकामं लागतं. एका मुलाच्या वडिलांना मी हे चांगलं बजावलं होतं. सकाळी मुलगा टुणटुणीत आणि वडीलच दारात चक्कर येऊन आडवे! घरात कोणीच जेवलं नव्हतं.

"अहो, उपाशी फक्त पेशंटनं राहायचं!"

मुलाचे आजोबा म्हणाले, "पोऱ्या उपाशी शे, मंग आमना घसाखाले घास कसा उतरी?"

आधी वडिलांना सलाइन लावलं.

*

मेहरूणचा एक जिमवाला. दंड असे की बीपीचा पट्टा पुरेना! सुई बघितली आणि हळूच म्हणाला, "सिस्टर, आई पार्किंगमध्ये आहे. ती येईपर्यंत थांबू या का?"

*

सराफ बाजारातले एक शेठ. भुलीत तोंडून काही निघेल याची त्यांना धास्ती! "मंडळींना बाहेर बसवा," म्हणाले. झालं, शेठाणी खुर्ची ओढून जवळच बसल्या.

शुद्धीवर येता येता शेठ पुटपुटले, "तुझी बट्टी आतून कच्ची राहते गं…"

"आणि लग्नापासून 'छान' म्हणून खातायत!" शेठाणी हॉस्पिटलभर सांगत सुटल्या.

*

डाळमिलमधले एक नाना आले. आम्ही भुलीची सगळी तयारी ठेवली, पण मशीन धडधडायला लागलं तसे नाना आपोआप घोरायला लागले! तपासणी संपली, आवाज थांबला आणि नाना दचकून उठले.

"मशीन का बंद केलं? झोपमोड झाली ना!"

*

आणि नरडाण्याची ती चिमुकली. तिला सारख्या फिट्स येत होत्या आणि कारण कळल्याशिवाय औषध ठरत नव्हतं. आधीची तारीख तापात गेली, आणि आता नेमकी छातीत सर्दी! पाटील मॅडमनी तपासलं आणि मान हलवली.

"भूल नाही देणार मी. स्वतःहून झोपली तरच."

आई रडायलाच लागली. पोरगी टक्क जागी.

सोबत आजी होती, सगळे तिला अक्का म्हणत. अक्कानं पोरीला मांडीवर घेतलं. "बठ्ठा बाहेर जा!"

आम्ही सगळे बाहेर निघालो. मॅडम तेवढ्या पोरीच्या श्वासावर लक्ष ठेवायला आत थांबल्या. पहाटेपासून ऑपरेशनं करून आल्या होत्या, पाठ टेकायला वेळ मिळाला नव्हता. दिवा मालवला. आतून अक्काचं संथ गाणं यायला लागलं. आई दाराशी हात जोडून उभी.

बऱ्याच वेळानं मी दार हळूच ढकललं. पोरगी मांडीवर गाढ झोपलेली! मी खूण केली, तशी अक्कानं ओठांवर बोट ठेवलं. तिचा दुसरा हात शेजारच्या खुर्चीवर थोपटत होता. खुर्चीत पाटील मॅडम, मान अक्काच्या खांद्यावर.

पोरीला उचलून न्यायची खूण करत अक्का कुजबुजली, "पोरले लई जा. हाई बाई थकेल शे, हिले निजू द्या."