डॉक्टरसाहेबांची टीएमटी

आता हसू नका, पहिलेच सांगून ठेवतो. माह्या येडपटपणाचा हा किस्सा घरी चहा झाला का कोणीतरी काढतेच. म्हटलं मीच सांगतो, तिखटमीठ तं कमी लागन.

हिंगणघाटले आमचं लोखंड-सिमेंटचं दुकान. बाबानं टाकलेलं. कापसाच्या हंगामात जिनिंग फॅक्टरीपुढं बैलबंड्याईची रांग लागे, अन् सकाळी सकाळी बाबा मले बोट धरून कोपऱ्यावरच्या टपरीवर नेत. पोहे अन् वरून चण्याची तर्री. काय तो लाल तवंग! बाबा म्हणत, "अजून टाक गा, पोरगं वाढून राह्यलं." माहं खाऊन झालं का उरलेली तर्री ते वाटी तोंडाले लावून पीत. काय दिवस होते बाप्पा! तो वास अजून नाकात हाय.

मंग एक दिवस गल्ल्यावर बसल्या बसल्याच बाबाच्या छातीत कळ आली. वायू हाय म्हणाले, ओवा चावला, अन् गेले. नशीत चरबीचा थर बसते, नस आतून तुंबते, हे तेव्हा आमाले कोण सांगणार?

मी बाबाच्या वयाले आलो, अन् गोदामाच्या पायऱ्या चढतानी माह्याही छातीवर दगड ठेवल्यावानी व्हाले लागलं. मीही ओवाच चावला. माह्या बायकोनं, शोभानं, ओव्याचा डबा लपवला अन् मले वर्ध्याले एका डॉक्टरकडे नेलं. रस्ताभर तिनं माहा हात सोडला नाई.

डॉक्टरसाहेब तरुण होते. घराले लागूनच दवाखाना. बाजूले बांधकाम चालू, पिलरच्या सळया वर आलेल्या. दुकानदाराची नजर, काय करता! मले तपासलं, नस तुंबली असन म्हणाले, अन् धंदा इचारला. मी सांगितलं, लोखंड-सिमेंट. शोभा तेव्हा औषधाच्या खिडकीवर गेलती.

"अच्छा. मग आधी टीएमटी लागेल काका," ते म्हणाले. "उद्या सकाळीच."

आता तुमीच सांगा, टीएमटी म्हणजे काय? बांधकामाची सळई! जनम गेला माहा ते विकण्यात. मी समजलो, बंगल्यासाठी माल पाहिजे, पण बिचारा सरळ मांगाले लाजून राह्यला.

"हजर करतो साहेब."

"बूट घालून या. पोट भरून येऊ नका. घरचं कोणी सोबत आणा, दम लागेल थोडा."

माल उतरवाले हेच लागते का नाई? मले तं भल्ला हुशार वाटला डॉक्टर.

दुसऱ्या दिवशी छोट्या हत्ती टेम्पोत सळया भरल्या, बूट चढवले, शोभाले घेतलं. ती इचारे, दवाखान्यात सळया काऊन? म्हटलं, तुले नाई समजत, डॉक्टर खूश तं नस मोकळी.

तिथं गेल्यावर भक्ती दाखवाची म्हणून ड्रायव्हरले बाजूले सारलं अन् चार सळया मीच खांद्यावर घेतल्या. डॉक्टर बाहेर आले.

"काका, हे काय?"

"टीएमटी, साहेब. एक नंबर माल."

त्याईनं एकदा सळयाईकडे पाह्यलं, एकदा बाजूच्या पिलरकडे. "ते बांधकाम शेजाऱ्यांचं आहे हो. मी इथे भाड्यानं राहतो."

अन् तेवढ्यात आली न कळ! सळया खाली, मी बांधकामाच्या रेतीवर. वर पाह्यलं तं शोभाचं तोंड पांढरंफटक. बाबा गेले तेव्हा माह्या मायचं असंच झालतं. खरं सांगतो, तेव्हा भेव लागलं मले.

डॉक्टरनं जिभीखाली गोळी ठेवली, मले आत नेलं. जरा बरं वाटल्यावर म्हणाले, "टीएमटी म्हणजे मशीनच्या पट्ट्यावर चालवून छातीत दुखतं का ते बघायचं. तुमची रेतीवरच झाली."

मंग त्याईनंच मोठ्या दवाखान्यात नेऊन तुंबलेल्या नशीत जाळी बसवली. म्या इचारलं, एवढी कटकट करण्यापेक्षा पाईपच बदलून टाका ना, आमी गिऱ्हाईकाले तेच सांगतो. डॉक्टर हसले नाई.

"हा पाईप सांभाळावा लागतो काका. जाळी एका जागी बसवली, थर बाकी नसांतही असतोच. गोळी मनानं बंद करायची नाही, रोज चालायचं, अन् तर्री विसरायची."

तर्री कुठं इसरते बावा! पण आता मी बाबापेक्षा मोठा झालो. सकाळी शोभासोबत चालाले जातो तेव्हा टपरीपाशी जरासा थांबतो, बाबाच्या नावानं नुसता वास घेतो अन् पुढं होतो. आठवण येते, डोये भरते.

पण गावातले लोक नीट रडू देतीन तं ना. मागून कोणी गिऱ्हाईक हाक मारते, "शेठ, टीएमटी पाहिजे होती." अन् माह्या आधी शोभाच मागं वळून इचारते, "घरासाठी का छातीसाठी, पक्कं सांगा भाऊ. आमच्या शेठले त्यातलं समजत नाई."