आत्याने बोलावलेले देव आणि आमचं दुसरं लग्न

माझं लग्न दोनदा झालं आहे आणि दोन्ही वेळा बायको तीच होती. पहिलं लग्न दोन्ही घरच्यांच्या संमतीने झालं. दुसरं सांस्कृतिक वारशामुळे.

सुरुवात मीच केली, हे आधी सांगून टाकतो. कोपरखैरण्याच्या एका वाचनालयात लोकगीतांवर भाषण होतं. बोलणाऱ्या शर्वरी मॅडम कुठल्याशा संस्थेसाठी जुनी गाणी चित्रित करत गावोगाव फिरत होत्या. त्या खेद व्यक्त करत म्हणाल्या, की आगऱ्यांच्या लग्नात धवला गाऊन लग्न लावणाऱ्या धवलारणी आता भेटतच नाहीत. एवढ्या मोठ्या सभेत गप्प बसायचं सोडून मी हात वर केला आणि म्हणालो, "माझी आत्या आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. (माझ्यासाठी याआधी कोणी टाळ्या वाजवल्याचं मला आठवत नाही. त्यामुळे पुढचं जे झालं ते झालं.)

तुळसाआत्या आमच्याच घराच्या तळमजल्यावर राहते, घणसोली गावात. एकेकाळी तिच्याशिवाय गावात हळद लागत नसे. मग हॉल आले, डीजे आले, घाईत असलेले भटजी आले आणि आत्याला आमंत्रण यायला लागलं ते फक्त जेवायला. ती जायची, जेवायची आणि घरी येऊन कुणाशी बोलायची नाही. तिचे धवले कुठेतरी जपले जावेत असं मला मनापासून वाटत होतं. मला वाटलं होतं, मॅडम येतील, आत्या चार ओळी गाईल, चहा होईल, संपलं.

मॅडम आल्या. चहा झाला. त्यांनी माइक पुढे केला आणि आत्याने तो हाताने बाजूला सारला.

"लगीन नाय त धवला नाय," ती म्हणाली.

मॅडमनी समजावलं की नुसता नमुना हवा आहे. आत्याने त्यांना समजावलं की धवल्यात नाव घेऊन एकेका देवाला लग्नाला बोलवतात. देव आले आणि इथे नवरा नाही, नवरी नाही, नुसता कॅमेरा, तर त्यांनी काय समजायचं? मॅडमनी माइक खाली ठेवला. मी मान डोलावली, कारण मान डोलावायची मला सवय आहे.

घरात लग्नाचा एकच होता, माझा पुतण्या. त्याला विचारलं तर तो म्हणाला, डीजे ठरलाय, ड्रोन ठरलाय, आजीचं गाणं बसवायला टाइम नाही. मग मॅडमनी सुचवलं की प्रातिनिधिक नवरा-नवरी बसवू. आत्याने 'प्रातिनिधिक' म्हणजे काय ते विचारलं, ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बघितलं.

"याचाच लावू," ती म्हणाली. "याचा लगीन मी कुठं मानलाय? तवा मना कोनी धवला म्हनायला बोलावला?"

म्हणजे आत्याच्या हिशेबी मी आणि वैशाली इतकी वर्षं लग्नाशिवाय एकत्र राहत होतो, आणि ती रोज वरच्या मजल्यावर आमच्यासाठी सुकटीची वाटी पाठवत होती! लग्न आम्ही साताऱ्याला केलं होतं, वैशालीच्या माहेरी. हॉल दुपारी रिकामा करून द्यायचा होता, म्हणून मंगलाष्टकंसुद्धा धावत म्हटली होती. आत्या पहिल्या रांगेत बसून होती. तिला गा म्हणायचं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं, त्यात माझंही डोकं आलं.

वैशालीला हे सांगताना मी फार चाचरलो. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पुन्हा तुमच्याशीच?"

ठरलेल्या रविवारी सकाळी मॅडम कॅमेऱ्यासह हजर झाल्या आणि आमचं घर पारंपरिक करू लागल्या. प्लास्टिकच्या खुर्च्या आत गेल्या. वॉटर प्युरिफायरवर चादर आली. समोरच्या टॉवरची गॅलरी दिसू नये म्हणून माझ्या भावाला ताडपत्री धरून उभं केलं. माझा चष्मा काढून घेतला, त्यामुळे पुढचं सगळं मी ऐकलेलं सांगतो आहे. आत्याने आपली फुलाफुलांची सिंथेटिक साडी नेसली होती. मॅडमनी दुकानातून आणलेलं सुती लुगडं पुढे केलं. आत्याने ते हातात घेऊन चांगलं आहे म्हणून सांगितलं, घडी घातली आणि कपाटात ठेवून दिलं. ते अजून तिथेच आहे.

दारात उंबराची फांदी लावून मांडव उभा राहिला आणि गावात बातमी गेली. गावठाणात घराला घर लागलेलं. मांडव दिसला की लोक विचारत नाहीत, येतात. हळद लागेपर्यंत बोळ भरला. शेजारचे काशिनाथकाका वाट काढत माझ्यापर्यंत आले, कानाशी वाकले आणि फार काळजीने म्हणाले, "पयली कुठं हाय? तिला माहीत हाय ना?"

"काका, ही पहिलीच आहे."

"नाय. पयलीला मी वलखतो."

दोष त्यांचा नव्हता. वैशालीच्या चेहऱ्यावर मुंडावळ्या होत्या, आणि उरलेल्या चेहऱ्यावर माझ्या बहिणींनी इतकी हळद थापली होती की मला चष्मा असता तरी ओळख पटली नसती. कुणीतरी आपुलकीने साताऱ्याला फोन केला. सासऱ्यांचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी पाटावर होतो, ही घ्या तुमची वैशाली, म्हणत मी फोन तिच्यापुढे धरला. सासरे पडद्यावरच्या पिवळ्या बाईला म्हणाले, "ताई, तुम्ही कोण मला ठाऊक नाही, पण या माणसाच्या घरी माझी मुलगी दिली आहे."

त्यांना समजावण्यात अर्धा धवला गेला. उरलेला मात्र मी ऐकला.

आत्याचा आवाज आधी घोगरा निघाला, मग मोकळा झाला. ती एकेका देवाला हाक मारत होती, खाडीवरचे, डोंगरावरचे, पार लांबचे, आणि हाका अशा की कुणी खरंच येत असावं. मग तिने वैशालीचं नाव गाण्यात घेतलं. साताऱ्याहून आली, आमची झाली, असं काहीसं. वैशालीला आमची बोली अजून पुरती कळत नाही, पण आपलं नाव कळलं. हळदीतून दोन ओघळ आले. बोळातल्या म्हाताऱ्या बायकांनी आत्याच्या मागून सूर धरला. मलाही काहीतरी झालं, पण ते मी हळद डोळ्यात गेली म्हणून सांगितलं.

तासाभराने मॅडम म्हणाल्या, की हवं ते मिळालं, आता थांबलं तरी चालेल.

आत्याने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. देव मांडवात आलेत, लग्न लावूनच पाठवायचं, असं तिने गाता गाताच कळवलं. कॅमेऱ्याचं कार्ड भरलं, मॅडमनी दुसरं घातलं. दुपार झाली. एवढी माणसं उपाशी कशी पाठवायची म्हणून भाऊ ताडपत्री टाकून मटण आणायला गेला. टॉवर दिसू लागला. माझ्या बहिणी वडे तळायला बसल्या. पुतण्याने आजीचा आवाज मागपर्यंत पोचत नाही म्हणून डीजेवाल्या मित्राचा स्पीकर आणला आणि धवला संपताच त्यावर भलतंच लावलं. मॅडम म्हणत होत्या, हे परंपरेत बसत नाही. पण तोवर म्हाताऱ्या बायका नाचायला लागल्या होत्या, आणि त्यांना परंपरेत काय बसतं हे सांगायला कोण जाणार? शेवटी आत्याने मॅडमच्याही गालाला हळद लावली. मॅडम एक क्षण अवघडल्या आणि मग त्यांनीही वडे मागितले.

संध्याकाळी आत्याने जाहीर केलं की आता माझं लग्न झालं. तेव्हापासून तिला आमंत्रणं पुन्हा यायला लागली आहेत, गाण्यासाठी. मी सांगायला गेलो, की आत्या, हे माझ्यामुळे झालं. ती म्हणाली, देवांमुळे.

काही महिन्यांनी वाशीच्या एका सभागृहात मॅडमची फिल्म दाखवली. मी नवा शर्ट घालून सगळं घर, काशिनाथकाका आणि माझ्या ऑफिसचे साहेब यांना घेऊन गेलो. साहेबांना सांगून ठेवलं होतं, की प्रमुख भूमिका आपलीच आहे. पडद्यावर आत्या आली, वैशाली आली, म्हाताऱ्या बायका आल्या, वडेसुद्धा आले. मी आलोच नाही. फिल्म संपत आली तेव्हा एकदाच, हळदीचा हात जवळून दाखवताना, भिंतीएवढ्या पडद्यावर माझा डावा कान आला आणि तिथेच बराच वेळ थांबला. मागे आत्याचा धवला. सभागृह अगदी शांत.

वैशाली माझ्याकडे झुकली आणि हळूच म्हणाली, "अहो, निदान कानावरचे केस तरी कापायचे होते."